मी पायलट नव्हतो

आमच्या दालनात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. विमानाभोवती एक चक्कर मारायची, चाकाला हळूच पाय लावून हवा बघायची आणि मग माझ्याकडे वळून विचारायचं, "आबा, चालू शे का हाई?" चालू नाही म्हटलं की माणूस खट्टू होतो. बंद पडलेली वस्तू दाखवायला हा म्हातारा आपल्याला एवढ्या उन्हात कशाला फिरवतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. मग मी सांगतो, "चालू ऱ्हातं तं तुम्हले इतलं जवळ येऊ दिधं असतं का?" हे मात्र त्याला पटतं.

हे दालन शहाद्याला लागून, लोणखेड्याच्या बाजूला, एका संस्थेच्या आवारात आहे. हवाई दलाने सेवेतून काढलेलं प्रशिक्षणाचं एक जेट विमान बाहेर चौथऱ्यावर उभं आहे. आत तीन खोल्या. पहिलीत उभं कापून ठेवलेलं इंजिन, म्हणजे आतली पाती दिसावीत म्हणून. दुसरीत वैमानिकांचे फोटो आणि एक इजेक्शन सीट. तिसरी अवकाशाची, तिथे रॉकेटचा नमुना आहे, अंतराळवीराचा पोशाख आहे आणि नळीत भरलेला खाऊ आहे. हवाई दलातून निवृत्त होऊन मी गावी आलो तेव्हा केळीच्या बागेत लक्ष घालायचं ठरवलं होतं. पण मी लक्ष न घातल्यास बाग जास्त चांगली येते, हे मुलाने मला गोड शब्दांत सांगितलं. तेव्हापासून मी इथे लोकांना दालन दाखवतो.

काम सोपं वाटतं. पुढे चालायचं, बोलत राहायचं आणि मागच्यांचे हात कुठे आहेत ते बघायचं. शेवटचं सगळ्यात कठीण. आपल्याकडे माणूस डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त बघतो. कापूस असो की म्हैस, हात लावल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही, मग विमानाने काय घोडं मारलंय?

पहिल्या दसऱ्याला तर माझा जीवच गेला होता. सकाळी येऊन बघतो तो विमानाच्या नाकाला झेंडूचा हार, चाकाला हळद-कुंकू, आणि इंजिनात हवा जाते त्या तोंडात एक नारळ, मूठभर गहू आणि अर्धा पेढा. आता हे तोंड म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. जेट इंजिन पुढून हवा ओढतं आणि हवेबरोबर जे असेल तेही ओढतं. एक सुटा नट आत गेला तरी पाती फुटतात आणि विमान खाली येतं. म्हणून नोकरीत असताना आम्ही रोज सकाळी, साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे, एका ओळीत माना खाली घालून विमानांच्या वाटा चालायचो आणि खडे वेचायचो. उभी हयात ज्याने त्या तोंडासमोरचे खडे वेचले, त्याच्या विमानाच्या तोंडात नारळ! मी इतका ओरडलो की संस्थेचा शिपाई मला पाणी घेऊन आला. पुढे डोकं थंड झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ट्रॅक्टर, मोटर आणि विळा पुजणारी माणसं विमान सोडून देतील, ही अपेक्षाच चूक होती. आता दसऱ्याला मीच चौथऱ्याखाली पाट मांडतो. काय ती पूजा पाटावर करा, तोंडात काही घालू नका. लोक ऐकतात. पेढा मला मिळतो.

अवकाशाच्या खोलीत मला नेहमी सगळ्यात आधी आठवतो तो सातपुड्यातला एक माणूस. होळीचे दिवस होते. सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला निघालेली एक जीप आमच्या फाटकापाशी बिघडली आणि दुरुस्त होईपर्यंत आतली मंडळी सावलीला म्हणून आमच्याकडे आली. त्यांत एकजण पूर्ण सोंगात होता. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला मोठे घुंगरू. तो अंतराळवीराच्या पोशाखासमोर बराच वेळ उभा राहिला आणि त्याच्या बोलीत काहीतरी बोलला. बरोबरच्या मास्तरांनी मला मराठीत सांगितलं, "तो विचारतोय, यानेही पालनी धरली आहे का?" पालनी म्हणजे होळीचा नवस असलेला माणूस पाळतो ते व्रत. त्या दिवसांत त्याने खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ करायची नाही. मी म्हटलं, सांगा त्याला, हाही तिकडे खाटेवर झोपत नाही आणि अंघोळही करत नाही. तो माणूस इतका खूश झाला की जाताना त्याने काचेपुढे उभं राहून कमरेचे घुंगरू एकदा वाजवले. अवकाशयात्रा इतकी नीट समजलेला पाहुणा मला पुन्हा भेटला नाही.

पण आज मला लिहायचंय ते दुसऱ्या खोलीबद्दल. त्यासाठी आधी माझं नाव सांगायला हवं. तालुक्यात मला सगळे 'पायलट आबा' म्हणतात. मी पायलट नव्हतो. एक दिवसही नव्हतो. मी इजेक्शन सीटचा फिटर होतो. पण आमच्या भागात हवाई दलात गेलेला प्रत्येक माणूस पायलटच असतो, मग तो तिकडे स्वयंपाक करत असो. पहिल्या सुट्टीला आलो तेव्हा मी सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि संध्याकाळी पारावर विचारलं, "मंग पायलट, पाकिस्तान दिखस का वरतीन?" मी सांगायचं सोडून दिलं. वडिलांना तर ते ऐकायचंच नव्हतं. ते गेले ते पायलटचे वडील म्हणून. माझं खरं काम किती नाजूक होतं, ते त्यांना एकदा हँगरमध्ये नेऊन दाखवायला हवं होतं, असं फार वाटतं. तेव्हा ते शक्य नव्हतं, तरी वाटतं.

त्यामुळे जागृती पाटील माझ्यापुढे येऊन रडायला लागली तेव्हा तिचं दुखणं मला अर्ध्या वाक्यात कळलं.

जागृती लोणखेड्याच्या कॉलेजात शिकत होती. घर तापीकाठच्या एका गावात. भरतीच्या परीक्षेची तयारी करताना ती माझ्याकडे शंका विचारायला यायची. हवाई दलात अग्निवीर म्हणून तिची निवड झाली तेव्हा आम्ही इथे चहाबरोबर भजी खाल्ली होती. जायला थोडेच दिवस राहिले होते आणि ही हुंदके देत उभी.

"आबा, गावमा आप्पानी बॅनर लायेल शे. 'गावनी पहिली महिला पायलट' म्हनीसन. फायटरना फोटो, आनि मन्हा तोंडले हेल्मेट चिटकाडेल शे."

"मंग तू सांगं नही?"

"कसं सांगू? आप्पा म्हनतस, पायलट व्हनार तं जाय, नहीतं बी.एस्सी. पुरं कर. आनि माय धड जेवत नही. ती म्हनस, इमानमा बठशी तं मन्हं मरेल तोंड देखशी."

म्हणजे पेच असा होता. आईला पोरीने उडायला नको होतं. वडिलांना ती उडणार असेल तरच जायला हवी होती. खरं सांगितलं तर आई सुटणार आणि वडील अडणार. नाही सांगितलं तर आई जाऊ देणार नाही. आणि दोघांपैकी एकानेही 'नाही' म्हटलं असतं तरी ही पोर घराचा उंबरा ओलांडून गेली नसती. तसं ती मला स्वतःच म्हणाली.

"तुम्ही सांगा ना, आबा. तुमनं ऐकतीन."

"मी सांगनार नही. गोष्ट तुन्ही शे," मी म्हटलं. "पन दोन्हीस्ले आठे लई ये."

दुसऱ्याच दिवशी ती दोघांना घेऊन आली. वडील हिंमतराव पांढऱ्या कपड्यांत, टोपी कडक. आई निर्मलाताई मात्र चौथऱ्यापासून लांब, लिंबाखाली उभ्या राहिल्या. विमानाकडे त्यांनी पाठच केली होती. हिंमतरावांनी पोरीला विमानापुढे उभं करून फोटो काढला. तेवढ्यात शाळेची एक सहल आली, तर त्यांच्या गुरुजींना बोलावून त्यांनी सांगितलं, "हाई देखा, मन्ही आंडेर हाईच चालाडनार शे!" आमच्या बोलीत मुलगी ती आंडेर आणि मुलगा तो आंडोर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. जागृतीने माझ्याकडे बघितलं आणि मी इंजिनाच्या खोलीचं दार उघडलं.

इंजिनापाशी हिंमतराव पाती मोजत होते आणि लेकीमागून आत आलेल्या निर्मलाताईंनी तोंड उघडलं. "वर गयावर हाई बंद पडनं तं?" मी खोटं बोललो नाही. म्हटलं, कधी कधी पडतं. पुढच्या खोलीत त्या फोटोंसमोर एकेक पाऊल टाकत चालल्या. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न. "हाऊ जित्ता शे का?" काहींना मी हो म्हटलं. काहींना नाही म्हणावं लागलं. चौथ्या की पाचव्या 'नाही'नंतर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पोरीचा दंड धरला. मला वाटलं, संपलं. ही बाई आता पोरीला घेऊन सरळ बस थांब्यावर जाणार.

हिंमतराव तिकडे अवकाशाच्या खोलीत डोकावून आले होते. "पुढे तठे बी जाई ती," ते म्हणाले.

"ताई," मी निर्मलाताईंना म्हटलं, "हाई खुर्ची देखी ल्या. मंग जा."

इजेक्शन सीट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. विमान वाचत नाही असं कळलं की वैमानिक एक मूठ ओढतो. खुर्चीखालचा स्फोट खुर्चीसकट त्याला विमानाबाहेर फेकतो, हवेत खुर्ची सुटते आणि छत्री उघडते. एवढं सगळं 'राम' म्हणायच्या आत होतं. पण ती खुर्ची वर्षानुवर्षं काहीही न करता बसून असते, आणि ज्या एका क्षणी लागते त्या क्षणी चुकून चालत नाही. तिचा एकेक भाग उघडायचा, तपासायचा, पुन्हा जुळवायचा, हे आमचं काम. उड्डाणाच्या आधी वैमानिकाच्या खांद्यावरून पट्टे घेऊन आवळायचे, खुर्ची जमिनीवर चुकून उडू नये म्हणून लावलेल्या पिना काढायच्या आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरून दाखवायच्या. तो मान हलवतो. मग शिडी काढायची. त्याला शेवटचा हात लावलेला असतो तो खालच्या माणसाने.

"हाई खुर्चीवर कोनी वाचना का?" निर्मलाताईंनी विचारलं.

वाचला होता. एका सकाळी उड्डाण घेताच पक्षी इंजिनात गेला आणि आमच्या तुकडीतल्या एका तरुण वैमानिकाने मूठ ओढली. ती खुर्ची मी आणि माझ्या दोन जोडीदारांनी जुळवली होती. तो एका शेतात उतरला. काही आठवड्यांनी तो काठी टेकत आमच्या खोलीत मिठाई घेऊन आला. वाचलेल्याने तशी ती आणायचीच असते. बरोबर त्याची आई होती, उत्तरेकडची. तिने विचारलं, "कौन कौन?" आम्ही तिघे पुढे झालो. तिने आमचे ग्रीसने माखलेले हात एकेक करून आपल्या हातात घेतले, उलटे करून तळवे बघितले आणि कपाळाला लावले. हे सगळं मी तिथे खुर्चीपाशी सांगितलं.

निर्मलाताई खुर्चीकडे बघत राहिल्या. "म्हंजे पट्टा तुम्ही बांधेल व्हता."

"हो. मी खालेच ऱ्हाऊ. मी फायटरमा एकदाबी उडेल नही."

हिंमतराव वळले. "म्हंजे? आबा, तुम्ही पायलट नही?"

"नही, आप्पा. मी फिटर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग हळूहळू पोरीकडे. आता माझ्या हातात काही नव्हतं. जागृतीची ओढणी तिच्या मुठीत पिळून दोरी झाली होती.

"मी बी खालेच, आप्पा," ती म्हणाली. "पायलटनी भरती येगळी ऱ्हास. मले काय काम भेटी ते ट्रेनिंगमा ठरी. पन मी इमान चालाडनार नही."

निर्मलाताईंनी मोठ्याने श्वास सोडला. किती दिवस तो कोंडून धरला होता कोण जाणे. पण हिंमतरावांचा चेहरा पडला, आणि गावात मान असलेल्या माणसाचा चेहरा पडतो तेव्हा समोरच्याला खाली बघावं लागतं.

"बॅनर लायेल शे मी," ते म्हणाले. "आते गावले काय तोंड दाखाडू? पानाच फिरावाना व्हता तं गावमा गॅरेज नही का? इतलं लांब कसाले? आनि तेबी चार वरीस!"

चार वर्षांचं खरं होतं. पुढे अग्निवीरांतल्या काहींनाच कायम करतात, हेही मी त्यांना सांगितलं, कारण आता लपवून काय मिळणार होतं? ते ऐकून हिंमतराव मटकन जे दिसलं त्यावर बसले. दिसली ती इजेक्शन सीट. तिच्याभोवती मी दोर बांधलेला आहे, आणि त्या दोरापलीकडे गेलेल्या आमदारांनाही मी उठवलेलं आहे. पण त्या दिवशी माझ्या तोंडून 'उठा' निघालं नाही.

"आप्पा, बठनाच शेत तं पाठ टेकीसन बठा," मी म्हटलं. "जागृती, आठे ये."

त्या खुर्चीतली स्फोटकं कधीच काढलेली आहेत, पण पट्टे खरे आहेत. कमरेचे दोन, खांद्यांचे दोन, आणि चारही टोकं येऊन बसतात ती मधली गोल कडी. मी एकदा तोंडाने सांगितलं आणि हात मागे घेतले. ती वडिलांच्या खांद्यावर वाकली. आपल्याकडे एवढी मोठी पोरगी बापाच्या अंगाला असा हात लावत नाही, दोघंही अवघडले. टोपी घसरली, ती तिने काढून आईकडे दिली. एक पट्टा पीळ पडून आला, तो तिने सोडवून पुन्हा घेतला. एकेक टोक कडीत बसल्याचा आवाज येत होता.

"दाटी ऱ्हायनं व," हिंमतराव पुटपुटले. "जराशी ढिलं कर."

"नही, आप्पा. ढिलं ऱ्हायनं तं वर जाताना मनका मोडस."

तिला हे मी कधीतरी सांगितलं होतं. तिच्या लक्षात होतं.

निर्मलाताई जवळ आल्या. गाईच्या गळ्यातलं दावं बघतात तशी त्यांनी खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घातली. उजवीकडे बोटं गेली नाहीत. डावीकडे गेली. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आठे असं ऱ्हायनं तं काय व्हस, आबा?"

"तं तो वाचत नही, ताई."

त्यांनी बोटं काढली नाहीत. नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. पोरीकडे बघितलं.

"नीट बांध," त्या म्हणाल्या. "कोन्हा तरी आंडोर ऱ्हाई तो."

जागृतीने पट्टा आवळला. आईने पुन्हा बोटं घालून बघितली आणि मान हलवली. पोरीचे डोळे भरून वाहत होते, पण हात कडीवरच होते. आईने परवानगी दिली होती, हे आम्हा तिघांना कळलं होतं. चौथा माणूस जखडलेला बसला होता आणि त्याच्या मनात काय चाललंय, ते मला काही केल्या वाचता येईना.

बाहेर सहलीच्या गुरुजींची शिट्टी वाजली. मी हिंमतरावांना कडी दाखवली. "आप्पा, हाई फिरावा आनि दाबा. सगळं एकदाच सुटस."

त्यांनी कडीवर हात ठेवला. फिरवली मात्र नाही. गळ्यापाशी आवळलेल्या पट्ट्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, दुसऱ्या पट्ट्यावरूनही फिरवला, शिवण बघावी तसा. मग हात काढून मांडीवर ठेवला.

"तूच सोड," ते पोरीला म्हणाले. "आनि आखो एक डाव बांध. हात बठाले पाहिजे."

आणि ते पाठ टेकून, मान वर करून ताठ बसले.